रिकामा काटा आणि खरा काटा

दोन सारख्या हातांची दांडी, तिच्या टोकांना टांगलेली पारडी आणि मध्यभागी उभा असलेला दर्शक एवढ्या मोजक्या अवयवांचा समभुज तराजू मराठी सराफी व्यवहारात 'काटा' किंवा 'ताजवा' या नावांनी ओळखला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील सराफ्यापासून गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांच्या वस्तीपर्यंत आज दागिना तोलला जातो तो बहुधा इलेक्ट्रॉनिक काट्यावर, आणि जुना ताजवा कोठे असलाच तर पूजेपुरता किंवा शोभेपुरता उरतो. त्याला असे निवृत्त करणे घाईचे आहे. ज्या थोड्या मोजमापयंत्रांचे खोटेपण दुसऱ्या कोणत्याही यंत्राची मदत न घेता, दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांच्या डोळ्यांसमोर, काही मिनिटांत उघडे पाडता येते, त्यांत या काट्याची गणना पहिल्यांदा करावी लागेल. मात्र त्यासाठी तो नीट निवडलेला, नीट राखलेला आणि त्याची परीक्षा कशी घ्यावी हे जाणणाऱ्याच्या हातात असावा लागतो.

काट्याकडून किती बारकाईची अपेक्षा ठेवायची, हे तोलायच्या वस्तूच्या मोलावर ठरते. महाराष्ट्रात सोन्याचे जुने कोष्टक 8 गुंजांचा 1 मासा आणि 12 माशांचा 1 तोळा असे होते. म्हणजे तोळ्यात 96 गुंजा. गुंज हे लाल रंगाचे, टोकाशी काळा ठिपका असलेले, विषारी वेलीचे बी असून निसर्गात त्याचे वजन बीगणिक बदलते, म्हणून प्रत्यक्ष बी आणि कोष्टकातील गुंज यांत नेहमीच अंतर राहिले. कंपनी सरकारने 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनचा ठरवला, आणि ग्रेन हे सुमारे 64.8 मिलिग्रॅमचे इंग्रजी एकक असल्याने तोळा 11.664 ग्रॅमचा आणि गुंज सुमारे 121.5 मिलिग्रॅमची झाली. 1956 च्या कायद्याने दशमान वजने स्वीकारली गेल्यावर व्यवहारातला तोळा हळूहळू 10 ग्रॅमवर आला, तरी आजी-आजोबांच्या तोंडचा तोळा आणि पावतीवरचा तोळा यांत दीड ग्रॅमहून अधिक फरक आहे, हे वडिलोपार्जित दागिने मोडीत काढताना पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 10 ग्रॅम सोन्याचा भाव हिशेबासाठी 1 लाख रुपये धरला, तर 1 मिलिग्रॅम सोने 10 रुपयांचे आणि एक गुंज 1215 रुपयांची होते. भाजीच्या तागडीत गुंजभर फरक कोणाला जाणवतही नाही. सराफी काट्यावर तो मजुरीइतका भरतो.

या कोष्टकांची परंपरा याच भूभागात फार जुनी आहे. कन्नडच्या घाटापलीकडे चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे त्या भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त आरंभीच परिमाणे सांगितली असून, तीत दोन यवांची एक गुंज, तीन गुंजांचा एक वल्ल, आठ वल्लांचे एक धरण आणि दोन धरणांचा एक गद्याणक असा क्रम येतो. पुढे वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र आटवल्यास मिश्रणाचा कस किती राहील याची उदाहरणेही त्याच ग्रंथात आहेत. गणित शिकणाऱ्याला आधी वजने शिकवणारा हा ग्रंथकार सराफाच्या पेढीला परका नव्हता, असे म्हणता येते. वर आलेल्या ग्रेन या एककाचा सोन्याखेरीज दुसरा मोठा वापर बंदुकीच्या दारूचे आणि गोळीचे वजन सांगण्यासाठी होत आला आहे. परदेशांत नेमबाजीचा छंद असलेले लोक वापरलेली काडतुसे पुन्हा भरताना दांडीचा काटा वापरतात. भारतात मात्र 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे बारीक वजनाचा काटा येथे मुख्यतः सोने, चांदी, मोती आणि औषधे यांच्याशीच जोडला गेला.

काटा निवडण्यापूर्वी त्याची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. दांडीच्या मध्यावर खालच्या बाजूस एक तिकोनी तुकडा बसवलेला असतो, त्याच्या धारेला क्षुरधार म्हणतात आणि ती एका सपाट, कठीण बैठकीवर टेकते. दांडीच्या दोन्ही टोकांना वरच्या बाजूस तोंड असलेल्या अशाच दोन धारा असतात आणि त्यांवर पारड्यांच्या कड्या अडकतात. धार वापरण्याचे कारण असे की आधाराची जागा जितकी अरुंद तितके घर्षण कमी होते, आणि दांडीच्या हाताची लांबी नेमकी कोठून कोठपर्यंत मोजायची हे तितकेच निश्चित राहते. दर्शक हा दांडीला काटकोनात जोडलेला लांब काटा असून त्याचे टोक अंशांकित पट्टीसमोर झुलते. दांडीच्या टोकांवर आट्यांवर फिरणारी दोन लहान चाके असतात, त्यांनी रिकामा काटा शून्यावर आणता येतो. चांगल्या काट्याला एक मूठही असते. ती फिरवली की दांडी बैठकीवरून किंचित उचलली जाते आणि धारेवरचा भार निघतो.

दांडी आणि तिला जोडलेल्या भागांचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या एका बिंदूत सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, मधल्या धारेच्या किंचित खाली असावा लागतो. तो फार खाली असेल तर काटा लवकर स्थिरावतो, परंतु लहान फरकाने हलत नाही, म्हणजे सुस्त होतो. तो धारेच्या अगदी जवळ आला तर काटा अतिशय संवेदनशील होतो, पण दर्शक इतक्या सावकाश झुलतो की एका दागिन्याला दुकानदाराचा सगळा धीर खर्च होतो. आणि तो धारेच्या वर गेला तर दांडी एका बाजूला कलंडून तशीच राहते. म्हणून संवेदनक्षमता आणि वेग या दोन गुणांत नेहमी तडजोड असते, आणि 'सर्वांत नाजूक तो सर्वांत चांगला' ही खरेदीदाराची समजूत व्यवहारात टिकत नाही. तिन्ही धारा एका सरळ रेषेत असणे हीही तितकीच महत्त्वाची अट आहे. मधली धार टोकांच्या धारांहून वर राहिली, तर जड वजनाला काटा मंद होतो, आणि हलक्या बाळीसाठी खरा असलेला काटा पाटलीसाठी बोथट ठरतो.

याहून मोठा आणि अधिक फसवा दोष हातांच्या लांबीचा आहे. रिकामा काटा सरळ उभा राहिला म्हणजे काटा खरा, असा समज गिऱ्हाइकांत सर्वत्र आढळतो आणि पुष्कळ दुकानदारही तो प्रामाणिकपणे बाळगतात. वस्तुतः रिकाम्या काट्याचे सरळ उभे राहणे एवढेच सांगते की दोन्ही बाजूंचा भार त्या क्षणी जुळला आहे. एक हात लांब आणि त्याचे पारडे हलके, दुसरा हात आखूड आणि त्याचे पारडे जड, अशी जोडी असली तरी रिकामा काटा बिनचूक शून्यावर उभा राहील. पारडी जुळवण्यासाठी कडीला तार गुंडाळणे, खाली लाख चिकटवणे किंवा दोरीत लहान खडा बांधणे यालाच पासंग म्हणतात; पासंगाने पारड्यांचा भार सुधारतो, हातांची लांबी सुधारत नाही, आणि वजन चढताच लपलेला दोष त्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. एका हाताची लांबी 10 सेंटिमीटर असलेल्या दांडीत दोन हातांत 0.2 मिलिमीटरचा, म्हणजे नखाच्या कडेएवढाही नसलेला, फरक राहिला तर 10 ग्रॅममागे 20 मिलिग्रॅमची चूक होते, आणि वर धरलेल्या भावाने ती 200 रुपयांची असते.

हा दोष पकडण्याची रीत इतकी सोपी आहे की ती शाळेतल्या मुलालाही शिकवावी. दागिना डाव्या पारड्यात आणि वजने उजव्या पारड्यात ठेवून तोलावे, मग दोघांची जागा बदलून पुन्हा तोलावे. दोन्ही वेळा तेच वजन आले तर हात सारखे आहेत, आणि वेगळे आले तर काटा खोटा आहे. समजा एकदा 10.020 ग्रॅम आणि अदलाबदलीनंतर 9.980 ग्रॅम आले, तर दोघांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढल्यास खरे वजन मिळते, आणि फरक इतका लहान असताना साधी सरासरीही तेच, म्हणजे 10.000 ग्रॅम, देते. ही दुहेरी तोलाची पद्धत जर्मन गणितज्ञ गाउस यांच्या नावाशी जोडली जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत तर काट्याच्या खरेपणाची अपेक्षाच ठेवत नाही. तीत दागिना एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात शिशाचे छर्रे किंवा वाळू भरून काटा शून्यावर आणतात, नंतर छर्रे तसेच ठेवून दागिना उचलतात आणि त्याच्याच पारड्यात काटा पुन्हा शून्यावर येईपर्यंत प्रमाणित वजने ठेवतात. दागिना आणि वजने एकाच हातावर, एकाच धारेवर टांगली गेल्याने हातांची विषमता निकालात काढली जाते. खोट्या काट्यावर खरे वजन काढून देणारी ही युक्ती दुकानांत क्वचितच दिसते, आणि ती न दिसण्याचे कारण अवघडपणा नसून अपरिचय आहे.

काट्यातील लबाडीचा विचार प्राचीन भारतीय ग्रंथांनी विस्ताराने केला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोनारांच्या फसवणुकीची प्रकरणे सांगताना दुष्ट तराजूंचे प्रकार दिले आहेत, त्यांत वाकलेल्या दांडीचा, आतून पोकळ केलेल्या दांडीचा, शेंडा फुटलेल्या, सदोष दोऱ्यांच्या आणि लोहचुंबक लपवलेल्या तराजूचाही समावेश आहे. त्याच अधिकरणात वजने लोखंडाची, दगडाची किंवा पाण्याने व लेपाने न वाढणाऱ्या आणि उष्णतेने न घटणाऱ्या पदार्थाची असावीत असे सांगितले आहे, तर मनुस्मृतीने राजाने दर सहा महिन्यांनी तराजू आणि वजने तपासावीत असा दंडक घातला आहे. यांतील चुंबकाचा उल्लेख आजही जसाच्या तसा लागू पडतो, कारण पोलादी धारा असलेल्या काट्याशेजारी ध्वनिवर्धकाचा किंवा मोबाइलच्या आवरणाचा चुंबक आला तर दांडी लबाडीवाचूनही ओढली जाते.

निवडीचा पहिला प्रश्न क्षमतेचा आहे. काट्यावर लिहिलेली कमाल क्षमता ओलांडली तर दांडी लवते आणि धारा दबतात, म्हणून ती पाळावीच लागते. परंतु उद्या मोठा माल आला तर असावा म्हणून एक किलोचा काटा घेऊन त्यावर नाकातली चमकी तोलणे हे अधिक नुकसानीचे आहे, कारण जड दांडीचा काटा 5 मिलिग्रॅमने हलतच नाही. बहुतेक दागिने 50 ग्रॅमच्या आत असणाऱ्या दुकानाला 100 किंवा 200 ग्रॅम क्षमतेचा एक नाजूक काटा आणि चांदीच्या भांड्यांसाठी वेगळा जड काटा, ही जोडी योग्य ठरते. वैध मापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांनी दांडीच्या तराजूंचे 'ए' ते 'डी' असे चार वर्ग केले असून सोने, चांदी, मोती, रत्ने यांच्या व्यवहाराला त्यांतील 'ए' किंवा 'बी' वर्गाचाच तराजू चालतो; किराण्याचा काटा कितीही चकचकीत असला तरी तेथे चालत नाही. सौराष्ट्रातील सावरकुंडला हे काट्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध गाव आहे, तर महाविद्यालयांच्या रसायनशाळांत वाराणसी आणि कोलकाता येथे बनलेले काचपेटीतील काटे दीर्घकाळ वापरले गेले. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला असा काटा जुन्या बाजारात मिळाला आणि त्याच्या धारा शाबूत असल्या, तर तो नव्या स्वस्त काट्यापेक्षा कितीतरी सरस असतो. व्यवहारात वापरण्यापूर्वी मात्र त्याची पडताळणी करून घ्यावीच लागते.

धारांचा पदार्थ हा दुसरा, आणि बहुधा न विचारला जाणारा, प्रश्न आहे. पोलादाची धार मजबूत असते, पण ती गंजते आणि चुंबकाने ओढली जाते. अकीक हा दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार होणारा स्फटिकवर्गीय दगड कठीण, न गंजणारा आणि चुंबकाला दाद न देणारा असल्याने उत्तम काट्यांच्या धारा आणि बैठका अकिकाच्या असतात. त्याचे वैगुण्य एवढेच की आघाताने त्याचा कपरा उडतो, आणि कपरा उडालेली धार दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. भिंगातून पाहिल्यास धार अखंड रेषेसारखी दिसावी. पारडी टांगायला रेशमी दोऱ्यांपेक्षा धातूच्या बारीक साखळ्या बऱ्या, कारण दोरा पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात ती सोडतो. काट्याला काचेची पेटी असणे ही चैन नव्हे. पंख्याच्या वाऱ्यात उघड्या काट्यावर मिलिग्रॅम वाचण्याचा प्रयत्न निरर्थक असतो.

विकत घेताना दुकानातच काही परीक्षा घेता येतात. रिकामा काटा झुलता सोडून दर्शक हळूहळू, सारख्या गतीने शांत होतो का पाहावे. मध्येच अडखळून थांबला तर धारेत मळ किंवा इजा आहे. मग दांडी उचलून पुन्हा सोडावी, आणि दर्शक दर वेळी त्याच अंशावर विसावतो का हे निरखावे, कारण एकाच वजनाला वेगवेगळे उत्तर देणारा काटा कोणत्याही हिशेबाने सुधारता येत नाही. त्यानंतर एका पारड्यात 5 किंवा 10 मिलिग्रॅमचे पत्र्याचे वजन टाकून दर्शक किती अंश सरकतो ते मोजावे, आणि दोन्ही पारड्यांत पूर्ण क्षमतेची वजने ठेवून तेच पुन्हा करावे. शेवटी दोन्ही पारड्यांतील वजनांची अदलाबदल. एवढे करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून काटा घेऊ नये.

काडतुसे भरण्यासाठी वापरला जाणारा दांडीचा काटा या सर्वांहून वेगळ्या घडणीचा असतो, आणि तसे एकपारडी काटे इतर कामांसाठीही मिळत असल्याने त्यांच्याविषयी सांगणे योग्य होईल. त्याच्या दांडीचे हात असमान असून लांब हातावर खाचा पाडलेल्या असतात, त्यांत लहान वजने सरकवून दशांश ग्रेनपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, वाचन घेतले जाते. दांडीला जोडलेली तांब्याची पट्टी चुंबकांच्या मधून हलत असल्याने तिच्यात विद्युत्प्रवाह उपजतात, ते हालचालीला विरोध करतात आणि काटा चटकन स्थिरावतो. वेग हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु त्याला दुसरे पारडेच नसल्याने अदलाबदलीची परीक्षा घेता येत नाही, खाचा झिजल्या की वाचन मुकाट्याने घसरते, आणि त्याचे खरेपण तपासायला प्रमाणित वजनांवाचून दुसरा मार्ग उरत नाही. सराफी कामासाठी दोन पारड्यांचाच काटा श्रेयस्कर मानावा, तो याच कारणाने.

तोलण्याच्या रीतीतही शिस्त लागते. दर्शक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहण्याची गरज नसते. त्याच्या झोक्यांची टोके वाचून मध्य काढता येतो. तो उजवीकडे 6, नंतर डावीकडे 5 आणि पुन्हा उजवीकडे 4 अंशांवर गेला, तर उजवीकडची सरासरी 5 आणि डावीकडची 5, म्हणून विरामबिंदू शून्य. वजन किंवा दागिना ठेवताना व काढताना मूठ फिरवून दांडी उचललेली असावी. भट्टीतून नुकताच काढलेला दागिना कधीही तोलू नये, कारण गरम वस्तूभोवतीची हवा वर चढते आणि पारडे उचलले जाते, त्यामुळे वजन कमी भरते. खिडकीतून दांडीच्या एकाच हातावर ऊन पडत असेल तर तो हात प्रसरण पावतो; पितळेच्या दांडीत दोन हातांच्या तापमानात एका अंशाचा फरक 100 ग्रॅममागे जवळजवळ 2 मिलिग्रॅमची चूक घडवतो, आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांतले ऊन एका अंशावर थांबणारे नसते.

निगेचा विचार संभाजीनगरच्या हवामानापासून सुरू करावा लागतो. उन्हाळ्यात कोरडी, धुळीने भरलेली हवा असते, आणि रस्त्यालगतच्या उघड्या दुकानात ती थेट पारड्यावर उतरते. कोरड्या हवेत काच किंवा प्लास्टिक पुसताना विद्युत्भार साठतो आणि हलके पारडे त्याकडे ओढले जाते, म्हणून पेटीची काच तोलण्याच्या आधी लगेच पुसू नये. पावसाळ्यात दमट हवेने पोलादी धारांवर गंज धरतो. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवणे, ती वेळोवेळी बदलणे, आणि रोज सकाळी मऊ कुंचल्याने पारडी, कड्या व बैठक झटकणे एवढ्याने बहुतेक काम होते. धारेला तेल मात्र कधीही लावू नये. शिलाई यंत्राला आणि बिजागरीला तेल लागते म्हणून काट्यालाही लागत असेल, असे गृहीत धरून थेंब सोडला जातो. त्या थेंबात धूळ चिकटते, तिचा लेप होतो आणि धार आपल्या बैठकीत रुतते. धार पुसायचीच असेल तर दांडी उचललेली ठेवून, किंचित स्पिरिट लावलेल्या तलम कापडाने, तिच्या लांबीच्या दिशेने पुसावी. पारड्याच्या कडेला साचलेली धूळ सोन्याच्या कणांमुळे मोलाची असते, आणि सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी याच मोलावर पिढ्यान्पिढ्या जगले, तेव्हा ती झटकताना खाली कागद असावा.

वजनांची निगा हा काट्याच्या निगेचा अर्धा भाग आहे, आणि तेथे श्रद्धेच्या पोटीच नुकसान होते. दसऱ्याला हत्यारे-अवजारे आणि लक्ष्मीपूजनाला तराजू पुजण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे, ती सुंदर आहे आणि यंत्राविषयीचा आदर तिने जिवंत ठेवला आहे. परंतु पूजेआधी पितळी वजने चिंचेने किंवा घासण्याच्या पुडीने उजळली जातात, आणि प्रत्येक उजाळ्याबरोबर धातूचा थर निघून वजन घटते. घटलेल्या वजनाने तोललेले सोने गिऱ्हाइकाला कमी जाते आणि मोडीचे सोने घेताना दुकानदाराकडून जास्त पैसे जातात, त्यामुळे यात कोणाचाच लाभ नाही. हळदकुंकू पारड्यावर किंवा वजनांवर न वाहता पेटीवर वाहावे. लेपाने वाढणारे वजन अर्थशास्त्रकारालाही मान्य नव्हते. मिलिग्रॅमची पत्र्याची वजने बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावीत, कारण बोटांचा घाम आणि तेल त्यांच्यावर बसते, आणि दुमडलेले किंवा कोपरा तुटलेले वजन सरळ करून वापरण्यापेक्षा फेकून द्यावे.

इलेक्ट्रॉनिक काटा या सगळ्यातून सुटका करतो असे मानले जाते. त्याचा वेग आणि वाचनाची सोय निर्विवाद आहे. परंतु तो वस्तूचे वस्तुमान दुसऱ्या वस्तुमानाशी ताडून पाहत नाही, तर पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते ते मोजतो, आणि ही ओढ जागेनुसार बदलते. समुद्रसपाटीवरच्या मुंबईत जुळवून आणलेला काटा सुमारे 570 मीटर उंचीवरच्या संभाजीनगरात तसाच वापरला तर 100 ग्रॅममागे 10 मिलिग्रॅमच्या आसपास फरक पडू शकतो. म्हणून तो ज्या जागी वापरायचा त्याच जागी प्रमाणित वजनाने जुळवावा लागतो. दोन पारड्यांच्या काट्यात ओढ दोन्ही बाजूंना सारखीच बदलते, त्यामुळे तो मुंबईत, संभाजीनगरात आणि महाबळेश्वरात तेच उत्तर देतो. इलेक्ट्रॉनिक काटा बिघडला तरी आकडे पूर्वीच्याच ठामपणाने दाखवत राहतो, आणि गिऱ्हाइकापाशी त्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय नसतो. रोज सकाळी दुकान उघडल्यावर एकच वजन आणि एकच अंगठी दोन्ही काट्यांवर तोलून वहीत नोंद करणे हा लहान दुकानासाठी सर्वांत स्वस्त विमा आहे. हॉलमार्किंग केंद्रात तर सगळी भिस्त तोलावरच असते, कारण सोन्याचा अंश भट्टीत शुद्ध करून आधीचे आणि नंतरचे वजन ताडूनच कस ठरतो. नमुना 250 मिलिग्रॅमचा असेल तर हजारात एक अंशाचा फरक म्हणजे अवघे पाव मिलिग्रॅम.

कायद्याने दांडीच्या काट्याची आणि वजनांची फेरपडताळणी दर 24 महिन्यांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्याची दर 12 महिन्यांनी करून घेणे बंधनकारक आहे. 2009 चा वैध मापनशास्त्र कायदा 1 एप्रिल 2011 पासून लागू झाला आणि राज्यात त्याची अंमलबजावणी वैध मापनशास्त्र यंत्रणा करते. निरीक्षक आपल्याकडील प्रमाण वजनांशी ताडून ठसा मारतो, ती प्रमाण वजने त्याहून वरच्या प्रमाणांशी ताडलेली असतात, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते, जेथे किलोग्रॅमची 57 क्रमांकाची प्लॅटिनम-इरिडियम प्रत ठेवलेली आहे. गिऱ्हाइकाने ठसा आणि पडताळणीचे प्रमाणपत्र पाहायला मागणे हा त्याचा हक्क असून त्यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. ठसा मात्र त्या दिवसाच्या स्थितीचा दाखला असतो. दुसऱ्याच दिवशी काटा खाली पडला तर दोन वर्षांची मुदत त्याला वाचवत नाही. धार बदलली, दांडी सरळ केली किंवा पारडे नवे बसवले, तर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते, आणि धार बदलताना हातांची लांबी केसभर सरकण्याचा संभव सर्वाधिक असल्याने दुरुस्तीहून आलेल्या काट्यावर दुकानदाराने स्वतः आधी पारड्यांतील वजनांची अदलाबदल करून पाहावी, मगच तो निरीक्षकाकडे न्यावा.